अँटवर्पच्या स्थानकात सामानासह पावणेदोन तास

मध्य रेल्वेच्या मुंबईतील मुख्यालयात माझी चौतीस वर्षे नोकरी झाली. ज्या इमारतीला माझ्या पिढीने आधी व्ही.टी. आणि नंतर सीएसएमटी म्हटले, तिच्या घुमटाखालचा जिना मी रोज चढत होते. त्यामुळे मुलगी ब्रुसेल्सला स्थायिक झाल्यावर तिच्याकडे जाताना माझ्या मनात पहिल्यापासून एकच ठिकाण पक्के होते, ते म्हणजे बेल्जियममधल्याच अँटवर्प शहराचे मध्यवर्ती रेल्वे स्थानक. गेल्या जूनमध्ये ब्रुसेल्सहून रॉटरडॅमला भाच्याकडे जायचे ठरले. वाटेत अँटवर्पला उतरायचे, सामान कुठेतरी ठेवायचे, चार तास स्थानक डोळे भरून पाहायचे आणि मग पुढची गाडी पकडायची, इतका साधा बेत होता. त्या चार तासांपैकी पावणेदोन तास कसे गेले हे मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण एकट्याने प्रवास करणाऱ्या माझ्या वयाच्या कोणावरही तीच वेळ येऊ शकते.

ब्रुसेल्स ते अँटवर्प हा प्रवास पाऊण तासाचा आहे आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. देशांतर्गत गाड्यांना आरक्षण लागत नाही, त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीने त्याच तिकिटावर जाता येते. मात्र तिकीट गाडीत चढण्यापूर्वीच काढावे, गाडीत काढल्यास जास्त पैसे पडतात. ब्रुसेल्सच्या फलकांवर या शहराची दोन नावे दिसतात, फ्रेंचमध्ये ‘आंव्हेर’ आणि डच भाषेत ‘अँटवर्पन’. गाडी डच भाषकांच्या प्रदेशात शिरली की घोषणा फक्त डचमध्ये होऊ लागतात, म्हणून दोन्ही नावे आधीच लक्षात ठेवलेली बरी. अँटवर्पन-बेर्खेम हे स्थानक आधी येते. शहराचे नाव ऐकून तिथे उतरू नये, मध्यवर्ती स्थानक त्याच्या पुढचे आहे.

दहा पन्नासला माझी गाडी वरच्या मजल्यावरच्या फलाटाला लागली. हे स्थानक तीन पातळ्यांवर आहे. वर एक ते सहा क्रमांकांचे रूळ, जमिनीखाली अकरा ते चौदा आणि त्याच्याही खाली एकवीस ते चोवीस. मला जुन्या छताखाली उतरायला मिळाले याचा इतका आनंद झाला की बॅग ओढत मी काही वेळ फलाटावरच उभी राहिले. लोखंड आणि काचेचे हे छत क्लेमेंट व्हान बोगार्ट या अभियंत्याने उभारले. ते 185 मीटर लांब, 66 मीटर रुंद आणि 44 मीटर उंच आहे. मूळच्या काचांच्या जागी आता हलके पारदर्शक प्लास्टिक बसवलेले असले, तरी खाली पडणारा उजेड इतका मऊ असतो की माणसांच्या सावल्याही कडक वाटत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अँटवर्पवर जर्मन व्ही-अस्त्रांचा, म्हणजे उडत्या बॉम्बचा आणि रॉकेटांचा मारा झाला. त्यात या छताचा सांगाडा वाकला, पण कोसळला नाही.

आणि इथून पुढे सगळे अडले.

मुलीने स्थानकाजवळच्या गल्लीतील सामान ठेवण्याची एक खासगी जागा शोधून दिली होती. ती तिच्या ओळखीची आणि थोडी स्वस्त होती. तिथे माणूस कोणीच नसतो. दारावरच्या चिन्हाचा मोबाइलने फोटो घ्यायचा, ऑनलाइन पैसे भरायचे, मग दार उघडण्याचा आकडा येतो. रोख पैसे चालत नाहीत. माझ्याजवळ तेवीस किलोची बॅग आणि भाच्यासाठी नेलेल्या भाजणीची व कुळथाच्या पिठाची पिशवी होती. मी कार्डाचा क्रमांक घातला आणि पडद्यावर ओटीपी मागितला गेला. ओटीपी जाणार माझ्या भारतातील क्रमांकावर, आणि ते सिम मोबाइलमध्ये असले तरी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केलेले नव्हते. ब्रुसेल्सला उतरताच मुलीने बेल्जियमचे सिम घालून दिले होते आणि महिनाभर तिच्याबरोबर फिरताना मला ऑनलाइन पैसे भरण्याची वेळच आली नव्हती.

मुलीला फोन लावला. ती कार्यालयातील बैठकीत होती आणि तिचा फोन बंद होता. बँकेचे मोबाइल ॲप उघडावे म्हटले, तर ते माझ्या जुन्या मोबाइलवर होते. मुलीने दिलेल्या नव्या मोबाइलवर ते सुरू करायचे तर नोंदणीकृत क्रमांकावरून एक एसएमएस जावा लागतो, म्हणजे फिरून त्याच बंद सिमपाशी येणे. कार्डाच्या मागे छापलेला 1800चा क्रमांक परदेशातून लागत नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरात दुसरा क्रमांक असतो, तो मला चष्मा बदलून शोधावा लागला. तो लागला, पण एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा करत मी अकरा मिनिटे थांबले आणि समोरचा माणूस ‘नमस्कार’ म्हणत असतानाच माझ्या बेल्जियन सिममधली रक्कम संपली. बँकेचे नाव मी इथे लिहिणार नाही, पण त्या अकरा मिनिटांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पस्तीस वर्षांच्या खातेदाराला स्वतःचे पैसे वापरण्यासाठी इतके अगतिक व्हावे लागणे योग्य नाही, असे मला मनापासून वाटते.

उन्हाळ्यात बेल्जियमचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते. इथे सव्वाअकरा वाजले होते, म्हणजे डोंबिवलीत पावणेतीन. बँकेची शाखा उघडी असणार, हे लक्षात येताच मी धाकट्या भावाला व्हॉट्सॲपवरून फोन केला. तो बिचारा जेवण आटोपून रिक्षाने शाखेत गेला आणि अर्ध्या तासाने त्याचा फोन आला, “ताई, ते म्हणतात, खातेदाराने स्वतः यायला हवे. नाहीतर तुझ्या मोबाइलवर ओटीपी पाठवतात, तो सांग.” ज्या ओटीपीसाठी तो शाखेत गेला होता, तोच ओटीपी त्याच्याकडे मागितला जात होता.

गल्लीतून परत येऊन हा सगळा फोनाफोनीचा वेळ मी स्थानकाच्या मुख्य दालनात भिंतीला टेकून उभी होते. बॅग सोडून कुठे जाता येत नव्हते, कारण बेवारस सामान दिसले तर पोलीस येतात. समोर दालनातून फलाटांकडे जाणारा भव्य संगमरवरी जिना होता आणि तेवीस किलो घेऊन तो चढणे मला शक्य नव्हते. फोन लागेपर्यंत वर बघायचे, आणि लागला की खाली बघायचे. असे वर बघता बघताच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी मी पुस्तकी माहितीत कुठे वाचली नव्हती. सीएसएमटीचा घुमट प्रवाशांसाठी नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कचेऱ्यांच्या जिन्यावर उभारला. इमारत 1888 साली पूर्ण झाली, तेव्हापासून तिकीट काढणारा माणूस बाजूच्या दालनातून येतो आणि घुमट आतून न पाहताच गाडीत बसतो. तो घुमट आम्ही पाहिला, कारकुनांनी आणि अधिकाऱ्यांनी. इथे मात्र वास्तुरचनाकार लुई देलासेन्सरी यांनी 75 मीटर उंचीचा घुमट थेट प्रवाशांच्या डोक्यावर ठेवला. 1905 साली हे स्थानक खुले झाले, तेव्हापासून तिसऱ्या वर्गाच्या तिकिटावर आलेला मजूरही याच घुमटाखालून गेला असणार. रोमच्या पॅन्थिऑन या प्राचीन मंदिराचा आदर्श समोर ठेवून हा घुमट रचला असे सांगतात, आणि लोक या स्थानकाला ‘रेल्वेचे कॅथीड्रल’ म्हणतात. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या काळातील हे वैभव आहे. ज्या काँगोच्या लुटीने त्याची कारकीर्द काळवंडलेली आहे, तिचा विसर पडू न देता ते पाहावे, असे मला तिथे उभ्या उभ्या वाटले.

सुटका झाली ती अनपेक्षितपणे. स्थानकाला लागून पेलिकानस्ट्राटवर हिऱ्यांच्या दुकानांची रांग आहे आणि त्या भागात गुजराती सहज कानावर पडते. हिऱ्यांच्या व्यापाराने सुरत, मुंबई आणि अँटवर्प ही तीन शहरे कित्येक वर्षे एकमेकांना बांधलेली आहेत. दालनात माझ्या शेजारी कोणाची तरी वाट पाहत असलेले एक वयस्क गृहस्थ माझे भावाशी चाललेले बोलणे ऐकत होते. ते जवळ आले आणि मराठीतच बोलले. तरुणपणी ऑपेरा हाऊसजवळच्या पंचरत्न इमारतीत ते कामाला होते.

“बेन, ओटीपी ऑनलाइनला लागतो. कार्ड मशीनमध्ये घाला आणि पिन दाबा, चालेल.”

“पण कार्डच बंद आहे ना?”

“कोण बोलला बंद आहे? आधी कॉफी घेऊन बघा.”

मी कॉफी घेतली. यंत्रात कार्ड घातले, चार आकडे दाबले, आणि पैसे गेले. मला भर दालनात रडू आले.

कारण समजायला नंतर वेळ लागला, पण ते प्रत्येकाने समजून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 2020 पासून नव्या कार्डावर परदेशातील व्यवहार आपण होऊन सुरू करावे लागतात, आणि यंत्रावर कार्ड वापरणे, एटीएम आणि ऑनलाइन यांची बटणे वेगवेगळी असतात. निघण्यापूर्वी शाखेतल्या मुलीने माझे यंत्राचे बटण सुरू करून दिले होते. ऑनलाइन व्यवहार ओटीपीवाचून अडला, आणि मी मात्र सगळे कार्डच मेले असे समजून बसले. स्थानकाच्या आतच सामानाचे लॉकर आहेत. तिथल्या यंत्रात कार्ड घालून पिन दाबला आणि पाच मिनिटांत माझी बॅग आत गेली. घड्याळात पाऊण वाजला होता. ते गृहस्थ तोवर निघून गेले होते, त्यांचे आभार मानायचे राहून गेले.

म्हणून माझे सांगणे असे. भारत सोडण्यापूर्वी जुन्या सिमवर रोमिंग सुरू करून घ्यावे, निदान एसएमएस येण्यापुरते. नव्या मोबाइलवर बँकेचे ॲप घरी असतानाच सुरू करून पाहावे. आणि स्थानक पाहायला जात असाल, तर सामान स्थानकातच ठेवावे, पाचदहा युरो वाचवण्यासाठी गल्लीत जाऊ नये. स्वच्छतागृहाला पैसे लागतात, थोडी नाणी जवळ असू द्यावीत.

मोकळी झाल्यावर मी स्थानकातून बाहेर पडले, कारण ही इमारत गाडीतून उतरून पाहण्यासाठी बांधलेलीच नाही. राणी आस्ट्रिडच्या नावाच्या चौकात, प्राणिसंग्रहालयाच्या दाराशी जाऊन उभे राहावे आणि जणू आपल्याला प्रवासाला निघायचे आहे अशा रीतीने आत शिरावे. रस्त्यावरच्या उघड्या उजेडातून दालनाच्या सावलीत, तिथून रंगीत दगडांच्या भिंतींमधून जिन्यावर, आणि जिना संपताच लोखंडी छताखालच्या झगझगीत उजेडात गाड्या उभ्या. हा क्रम मी तीनदा चढून उतरून अनुभवला. दक्षिणेकडील नव्या दारातून येणाऱ्याला तो मिळत नाही.

मग मी खाली गेले. 1905 साली इथे गाड्या येऊन थांबत आणि उलट फिरत, जशा आपल्याकडे सीएसएमटीला आजही फिरतात. 1998 ते 2007 या काळात जुन्या इमारतीच्या पोटाखाली खणून, शहराखालून बोगदा काढून, सर्वांत खालच्या पातळीवर आरपार जाणारे रूळ टाकले गेले. वरचा एक चिराही न हलवता एवढे काम झाले असेल यावर रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाचाही पटकन विश्वास बसत नाही. मधला भाग वरपासून खालपर्यंत मोकळा सोडलेला आहे, त्यामुळे जमिनीच्या एवढ्या खोल उभे राहूनही मान वर केली की शंभर वर्षांपूर्वीचे छत दिसते. माझी रॉटरडॅमची गाडी तिथूनच होती. तीन दहापर्यंत मी एका बाकावर बसून तेच पाहत राहिले.

एक सांगायचे राहिले. लॉकरची पावती पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवावी. सामान सोडवताना ती शोधण्यात माझी आणखी दहा मिनिटे गेली, आणि ती शेवटी भाजणीच्या पिशवीत सापडली.