तुम्ही विचारलंत म्हणून: मॅन्युअल वाचतं कोण?

हा प्रश्न मला लग्नात विचारतात, एसटीत विचारतात, गणपतीत आरती संपून प्रसाद हातावर पडायच्या आत विचारतात. मी टेक्निकल रायटर आहे, मशीन कसं चालू करायचं, कसं बंद करायचं, अडलं तर काय करायचं ते लिहिते, एवढं सांगून झालं की समोरचं माणूस हसतं आणि म्हणतं, पण ते वाचतं कोण गो? आमच्याकडे तर मिक्सरबरोबर आलेलं पुस्तक अजून खोक्यातच आहे. गेली दोन वर्षं त्याला आणखी एक शेपूट लागलंय, की आता तर सगळं एआयच लिहील ना, मग तू काय करणार. चौदा वर्षं मी ह्यावर काहीतरी गुळमुळीत बोलून विषय बदलत आलेय. आज नीट लिहिते. लांबेल, पण वाचा.

मिक्सरचं पुस्तक वाचत नाही हे मला मान्य आहे. मिक्सर चुकला तर चटणी सांडते. मी जे लिहिते ते बॉयलर, कंप्रेसर, पंप, कॅनिंगची लाइन असल्या गोष्टींचं असतं आणि तेही कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही, वाचावं अशी माझी अपेक्षाही नाही. ते वाचणारा माणूस एकटा असतो, रात्रपाळीत असतो, हात तेलाने बरबटलेले असतात, काहीतरी अडलेलं असतं आणि मालकाचा फोन तिसऱ्यांदा वाजत असतो. तो पान ४३ उघडतो आणि चार ओळी वाचतो. त्या चार ओळी म्हणजे माझं काम.

दुसरं म्हणजे, इंग्रजी चांगलं असेल तुझं, असंही म्हणतात. इंग्रजी लागतं, पण दिवसाचा अर्धा वेळ माझा विचारण्यात जातो. ज्या इंजिनिअरने मशीन बनवलं त्याला ते इतकं ठाऊक असतं की आपण काय सांगायचं गाळतोय हे त्याला दिसत नाही. तो म्हणतो, व्हॉल्व्ह उघडला की तेल येतं. मी विचारायचं, आणि नाही आलं तर? तो म्हणतो, येतंच. मी पुन्हा विचारायचं, नाही आलं तर? ह्या एका प्रश्नाचे मला पैसे मिळतात असं म्हटलं तरी चालेल. हा प्रश्न मी एकदा विचारला, त्याचं उत्तर मिळवलं, लिहिलं, आणि चुकीच्या जागी ठेवलं. ते पुढे सांगते.

आधी घरचं सांगते, म्हणजे काम कळेल. आमची हापूसची चाळीसेक कलमं आहेत. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यांना कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून मुळांशी ओततात ते औषध, घालायचं असतं, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की झाडाचा विस्तार ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत जितके मीटर, तितक्या वेळा ३ मिली. ते पाण्यात मिसळून बुंधा आणि विस्ताराची कड ह्यांच्या साधारण मध्यावर गोलाकार २५-३० खड्डे पाडून त्यात ओतायचं. बाबा दरवर्षी हे अंदाजाने करायचे, त्यांचा अंदाज बरोबर असायचा. एका वर्षी ते आजारी पडले आणि काम नेपाळी गड्यांवर आलं. त्यांना देवनागरी वाचता येते, पण पावसात कागद धरून गुणाकार कोण करणार? मी एक दोरी घेतली, दर मीटरला लाल चिंधी बांधली. खोकल्याच्या औषधाच्या टोपणात सिरिंजने ३ मिली मोजून तिथे खूण केली, टोपणावर फुली मारली म्हणजे ते पुन्हा घरात येणार नाही. एक चिंधी, एक टोपण. मग थोरल्या गड्याने विचारलं, झाड एका बाजूला कललेलं असेल तर? हा त्याचा प्रश्न माझ्या सगळ्या इंजिनिअरांपेक्षा चांगला होता. मग आडवं-उभं दोन्हीकडून मोजायचं आणि मधला आकडा धरायचा, हे आम्ही तिथेच झाडाखाली ठरवलं. त्या दोरीलाही मी मॅन्युअलच म्हणते, आणि ती वाचली जाते.

आता बर्फाच्या कारखान्याचं. बंदराचं नाव घेत नाही, कारखान्याचं घेत नाही, मी जिथे तेव्हा नोकरीला होते त्या पुण्याच्या कंपनीचंही घेत नाही.

तेल काढणं हे बर्फाच्या प्लांटमधलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात वाईट काम. सिस्टिममध्ये अमोनिया फिरतो, कंप्रेसरमधलं थोडं तेल त्याच्याबरोबर वाहून जातं, द्रव अमोनियापेक्षा तेल जड म्हणून ते तळाला बसतं आणि गारठ्यात घट्ट होतं. साठलं की थंडावा कमी, लादी धरायला उशीर, वीजबिल वर. म्हणून तळाशी ऑइल पॉट, म्हणजे तेल साठवणारं भांडं असतं, त्यातून ते अधूनमधून काढायचं. आधी पॉट बाकीच्या सिस्टिमपासून तोडायचा, आतला अमोनिया सक्शनला, म्हणजे कंप्रेसरच्या ओढीच्या बाजूला जाऊ द्यायचा, पॉट गारठा सोडू दे म्हणून थांबायचं, प्रेशर उतरलं की मग ड्रेन व्हॉल्व्ह. घाई केली तर तोंडाशी घट्ट तेलाचा बूच आणि त्याच्या मागे द्रव अमोनिया, जो बाहेरच्या हवेत उणे ३३ अंशालाच उकळतो. बूच सुटला की काय होतं ते लिहायला नको.

मॅन्युअल इंग्रजीत होतं. मी रत्नागिरीची, ऑपरेटर कोण असतात ते मला माहीत, म्हणून मी हट्टाने रोजच्या कामांची चार पानं मराठीत करून दिली, २०१५ साली, पगारात काही वाढ नाही, आपल्या माणसांसाठी म्हणून. तेल काढायच्या पानावर पाचवी पायरी मी अशी लिहिली होती:

तेल बाहेर येईपर्यंत ड्रेन व्हॉल्व्ह हळूहळू उघडत जा.

आणि तेल न आल्यास व्हॉल्व्ह आणखी उघडू नका, लगेच बंद करा, पॉट गरम होऊ द्या, ही सूचना पहिल्या ड्राफ्टमध्ये ह्या पायरीच्या वर होती. चौकटीत, ठळक. रिव्ह्यूमध्ये शेरा आला की पानावर इशारे फार झालेत, मजकूर दुसऱ्या बाजूला जातोय, हे शेवटी टीप म्हणून घ्या. मी घेतलं. टीप पानाच्या मागच्या बाजूला गेली.

१ जून ते ३१ जुलै आमच्याकडे मासेमारी बंद असते. ह्या ६१ दिवसांत बोटी किनाऱ्यावर आणि बर्फाचे प्लांट उघडे पडलेले, सगळी ओव्हरहॉलिंगची कामं तेव्हाच. २०१७ च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो प्लांट पुन्हा चालू करत होते, १ ऑगस्टला बोटी सुटणार म्हणजे त्याच्या आधी लाद्या तयार पाहिजेत, धो धो पाऊस, लाइट जाऊन येऊन. तिथल्या ऑपरेटरला सगळे दादा म्हणतात, मीही दादाच म्हणते. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. तेल आलं नाही. आणखी उघडला. आलं नाही. आणखी उघडला.

उजवा हात आणि उजवा डोळा. हेल्परने ओढत पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि डोक्यावर पाणी ओतत राहिला, त्याच्यामुळे ते आहेत. अमोनिया डोळ्यात आत मुरत जातो, वरवर धुऊन थांबत नाही. आधी इथल्या हॉस्पिटलमध्ये, मग कोल्हापूरला. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

मला हे महिन्याभराने सर्व्हिस इंजिनिअरकडून कळलं, चहा पिताना, सहज. कंपनीच्या कागदावर कारण लिहिलं होतं की ऑपरेटरने सुरक्षा साधनं वापरली नाहीत. मी खरं सांगते, मला ते वाचून बरं वाटलं. कारण त्यात सूचनांचं नाव नव्हतं. आणि मनातल्या मनात मी म्हटलंसुद्धा, वाचतं कोण?

मग गणपतीला घरी आले तेव्हा बंदरावर गेले. का गेले ते मला अजून धड सांगता येत नाही. ऑइल पॉटच्या वर भिंतीवर माझं पान होतं. लॅमिनेट केलेलं. दादांनी स्वतःच्या पैशाने बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलं होतं, पुस्तक ओलं होतं म्हणून, नवीन पोरांनाही दिसावं म्हणून. झेरॉक्सवाल्याने पुढची बाजू काढली होती. भिंतीवर लावलेल्या कागदाला मागची बाजू नसतेच.

"वाचूनच केलं गो बाय," दादा म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, मीच लिहिलंय हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. मी सांगितलं. मागच्या बाजूला काय होतं तेही सांगितलं. ते जरा वेळ पानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग तां पुढल्या बाजूला लिवायचं ना." वहिनीने चहा आणला, मी तो प्यायले.

आता माझी बाजू. प्रेशर गेजचा काटा अडकलेला होता, हे नंतर निघालं. हात सोडला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह त्या ड्रेनला हवा होता, तो मालकाने घेतला नव्हता. मास्क होता, पण त्याच्या वायू गाळणाऱ्या डब्याची मुदत संपलेली. हे सगळं खरं आहे. इशारा कृतीच्या आधी यावा हा काही माझा शोध नाही, ह्या पेशातला तो जुना नियम आहे, आणि मी तो धरूनच पहिल्यांदा लिहिलं होतं. शेरा दुसऱ्याचा होता. एका पानामुळे डोळा जात नाही, पाच-सहा गोष्टी एकत्र याव्या लागतात, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय आणि ते चूक नाही.

पण ते वाक्य माझंच आहे. "उघडत जा." मला तेव्हा ओघवती मराठी लिहायची हौस होती, तुटक वाक्यं सरकारी वाटतात, इंग्रजीतून उतरवलेली वाटतात म्हणून मी जोडत जायचे. नुसतं "उघडा" म्हटलं असतं तर कृती एकदा होऊन थांबते. "उघडत जा" म्हटलं की ते पुढे पुढे ढकलतं. आणि वर "येईपर्यंत" लावलं की तेल न येणं हेच आणखी उघडायचं कारण होतं. दादांनी माझं वाक्य अक्षरशः पाळलं. आज मी ते असं लिहिते: व्हॉल्व्ह पाव फेरा उघडा. थांबा. तेल आलं का बघा. नाही आलं तर व्हॉल्व्ह बंद करा. ह्यात ओघ नाही, आणि मला आता तो नको आहे.

दुसरी गोष्ट कबूल करायला जास्त जड जाते. शेरा मी नुसता ऐकला नव्हता, मला तो पटला होता. तेव्हा मी मिनिमलिझमच्या प्रेमात होते. आयबीएममधल्या जॉन कॅरोल यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं होतं की माणसं जाडजूड मॅन्युअल बाजूला ठेवून थेट हात घालतात, म्हणून कमी लिहा, कामाचं लिहा. मी त्यातलं "कमी लिहा" तेवढं उचललं. त्यांचं दुसरं म्हणणं होतं की माणूस जिथे चुकण्याची शक्यता आहे, तिथल्या तिथेच चूक कशी ओळखायची आणि कशी सावरायची ते द्या. तेही मी वाचलं होतं, नोट्समध्ये माझ्याच अक्षरात आहे. तेव्हाची तीस वर्षांची मी म्हणते की इशाऱ्यांनी भरलेलं पान कोणी वाचत नाही, आणि तिचं हे म्हणणं मला आजही खोडता येत नाही, कारण प्रत्येक ओळीवर धोका लिहिला की खरा धोका त्यात बुडतो. मग कुठला ठेवायचा, कुठला काढायचा? तेव्हा चुकले म्हणून आता मला बरोबर कळतं, असं काही झालेलं नाही. प्रत्येक पानाला पुन्हा तेच भांडण.

२०२० पासून मी घरूनच काम करते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही ह्या पेशातली जुनी संस्था बंद झाली, तेव्हा मला तीन जणांनी बातमी पाठवली, बघ हो म्हणून. बघितली. वाईट वाटलं. एआयकडून मी आज पहिला ड्राफ्ट करून घेते, तो स्वच्छ लिहितो, आणि सांगितलं तर इशारा वरही ठेवतो. पण पान झेरॉक्सच्या दुकानात गेलं की त्याचं काय होतं ते त्याला मी सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि मला ते बंदरावर गेल्याशिवाय कळलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात मी तेल काढायचं नवीन पान घेऊन गेले. एकाच बाजूला सगळं, अक्षर मोठं, मागची बाजू कोरी. दादा आता ऑपरेटर नाहीत, गेटवर बसतात, त्यांचा भाचा प्लांट बघतो. त्याने पान लगेच लावलं. मी म्हटलं, ते जुनं आता काढा. भाच्याने दादांकडे बघितलं. जुन्या पानावर मार्करने सगळ्या बोटवाल्यांचे फोन नंबर लिहिलेले आहेत, इतक्या वर्षांचे.

"ऱ्हाऊंदे," दादा म्हणाले, "नंबर लागतात."

मी वहीतला कागद फाडला आणि नंबर उतरवून घ्यायला बसले. निम्मे झाले असतील तेवढ्यात लाइट गेली. जुनं पान अजून तिथेच आहे, नव्याच्या शेजारी. गणपतीत जाईन तेव्हा उरलेले नंबर उतरवायचे आहेत.