मे तापला नाही तेव्हाची माझी अंजिरं

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या गच्चीवर ६४ अंजिरं लागलेली होती आणि त्यातलं एकही पिकायचं नाव घेत नव्हतं. रोज सकाळी शिलाई मशीनवर बसायच्या आधी मी वर जाऊन मोजायचे. १० मेला होती तेवढीच २० मेला. तेवढीच मोठी, तशीच हिरवी, बोटाने दाबलं तर कच्च्या पेरूसारखी घट्ट.

मी जुळे सोलापुरात राहते. घरी तीन मशीन आहेत, शाळेचे गणवेश शिवते. मार्च ते जून आमचा सीझन, तेव्हा डोकं वर काढायला फुरसत नसते. अंजिराचा नाद २०२१ मध्ये लागला. माझा मावसभाऊ पुरंदर तालुक्यात दिव्याला असतो. तिकडच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. छाटणीत निघालेल्या पाच काड्या त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या, वीतभर लांबीच्या, पेन्सिलीहून जराशा जाड. त्यातल्या तीन जगल्या. तेच माझे तीन पुना अंजीर. मग रोपवाटिकेतून आणखी दोन जातींची रोपं आणली, डायनाची दोन आणि ब्राऊन टर्कीचं एक. दोनशे लिटरचे निळे ड्रम मधोमध कापून, तळाला भोकं पाडून त्यात सहाही झाडं लावली. माती निम्मी, बाकी शेणखत आणि जाड वाळू, वर मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड, कारण अंजिराच्या मुळांना सूत्रकृमी, म्हणजे मातीतला डोळ्यांना न दिसणारा किडा, फार लवकर धरतो. आपली नुसती काळी माती कुंडीत घालू नये. ती पाणी धरून बसते आणि सुकली की विटेसारखी होते.

सोलापूरच्या गच्चीवर चार वर्षांत मी शिकले ते एकच, झाड उन्हापासून वाचवायचं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ वर जातो आणि स्लॅब तर रात्री दहालासुद्धा पायाला चटका देतो. म्हणून मी हिरवी शेडनेट बांधायचे, ड्रमला बाहेरून गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचे. नळाला रोज पाणी नाही, तरी कपडे विसळलेलं शेवटचं पाणी मी झाडांसाठी राखून ठेवायचे. या सवयी इतक्या अंगवळणी पडल्या होत्या की २०२५ मध्येही एप्रिल उजाडताच मी सगळं तसंच केलं.

त्या वर्षी माझी छाटणी दोन टप्प्यांत झाली होती. मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्यात येणारं पीक, धरायचा तर पावसाळा संपता संपता पाणी तोडून ताण द्यायचा, पानं गळू द्यायची आणि छाटायचं. एक पुना आणि एक डायना मी ऑक्टोबरात छाटले. मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं, दिवाळी आली, आणि उरलेली चार झाडं डिसेंबरअखेर हातात आली. ऑक्टोबरच्या झाडांची फळं मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात पिकली. त्या पुना अंजिराची गोडी काय सांगू! साल पातळ, आत लालसर गर, आणि देठापाशी एक मधासारखा थेंब साठलेला. उशिरा छाटलेल्या चारांवरची ही ६४ फळं. दोन पुनांवर ३४, डायनावर १२, ब्राऊन टर्कीवर १८.

आणि मग मेमध्ये आभाळ भरून आलं ते हटेचना. वळीव इथे नवा नाही. दुपारभर तापतं, संध्याकाळी वारा सुटतो, तासभर कोसळतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. या खेपेला ते ऊनच परत येत नव्हतं. गच्चीच्या दाराशी टांगलेल्या थर्मामीटरवर २० मेनंतर कितीतरी दुपारी पारा ३२-३३ च्या वर सरकला नाही. २४ मेला मोसमी पाऊस केरळात पोचला आणि २६ मेला थेट मुंबईत. मुंबईत एरवी तो ११ जूनच्या आसपास येतो. रोहिणी लागली त्याच दिवशी आमच्या गच्चीवरून पाणी वाहत होतं. घरात सगळ्यांना बरं वाटत होतं, कूलर बंद, रात्री पांघरूण. मीच एकटी वर जाऊन हिरव्या फळांकडे बघत उभी राहायचे.

पहिली चूक घाबरून केली. वाऱ्याने फळं झडतील म्हणून पुनाची सात मोठी फळं तोडून तांदळाच्या डब्यात घातली, आंब्यासारखी पिकतील या आशेने. अंजीर तोडल्यावर पिकत नाही. ती सात फळं सुरकुतली आणि चिवट झाली, बस्स. वर तोडताना देठातून गळालेला चीक हाताला लागला, तसाच एका पांढऱ्या शर्टाच्या कापडावर गेला. डाग निघाला नाही आणि बोटांना दोन दिवस खाज होती. आता आधी हाताला खोबरेल तेल चोळते.

दुसरी चूक जास्त महागात पडली. बुलबुल फळं टोचतात म्हणून मी उरलेल्या पॉपलिनच्या छोट्या पिशव्या शिवून प्रत्येक फळाला बांधते. कडक उन्हात त्या उत्तम काम देतात. या पावसात त्या भिजल्या आणि दिवसेंदिवस ओल्याच राहिल्या. २३ मेला सोडून बघते तर पुनाच्या सहा फळांवर करडी बुरशी. जुन्या मच्छरदाणीच्या जाळीच्या पिशव्या रात्री बसून शिवल्या, पण ती सहा गेली.

त्याच रात्री भावाला फोन केला. तिकडेही पावसाने दैना केली होती, तरी त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, झाडाखाली पाणी आहे का?"

"पाऊसच पडतोय, असणारच की."

"आणि ती हिरवी जाळी?"

"आहे अजून."

"ती आजच्या आज काढ. फळाला ऊब पाहिजे आणि मुळाला कोरडं पाहिजे. तू दोन्ही उलटं केलंयस."

मग त्याने समजावलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. अंजीर एका चालीने वाढत नाही. आधी भराभर वाढतं, मग कित्येक आठवडे जिथल्या तिथे थांबतं, आणि शेवटच्या आठ-दहा दिवसांत एकदम फुगतं, रंग धरतं, साखर भरतं. माझी फळं त्या मधल्या थांब्यावर होती. तिथून पुढे सरकायला ऊन लागतं. ढग असले की पानांना साखर करता येत नाही, आणि मुळाशी सतत ओल असली की झाड फळ सोडून शेंड्याला नवी पानं फोडत बसतं. माझ्या झाडांचं नेमकं तेच चाललं होतं. शेंडे हातभर वाढले होते आणि ते बघून मी खूश होत होते.

दुसऱ्या दिवशी मुलाला उठवलं आणि दोघांनी मिळून चार वर्षांची व्यवस्था मोडली. शेडनेट काढली, भिजलेली गोणपाटं सोडली. जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर दुपारभर ऊन असतं आणि ती भिंत संध्याकाळपर्यंत गरम राहते. चारही ड्रम तिला लागून ओळीने ठेवले. प्रत्येक ड्रम तीन विटांवर चढवला, म्हणजे भोकं मोकळी राहतात. एक जुना फ्लेक्स पट्ट्या कापून खोडाभोवती उतरता बांधला, पावसाचं पाणी ड्रमच्या बाहेर पडेल असा. शेंडे खुडले. फळांवर सावली धरणारी पानं काढली, पण फार नाही, कारण फळाला साखर पानच देतं. पाणी घालणं पूर्ण थांबवलं. हे मला सगळ्यात जड गेलं. मेमध्ये झाडाला पाणी घालायचं नाही, हे सोलापुरात वाढलेल्या हाताला पटतच नाही.

भावाने आणखी एक जुनी युक्ती सांगितली होती, फळाच्या डोळ्याला तेल लावायची. डोळा म्हणजे फळाच्या तळाशी असतं ते बारीक भोक. घरात घाण्याचं करडईचं तेल होतंच. २९ मेला पुनाच्या पूर्ण वाढलेल्या दहा फळांना कापसाच्या काडीने डोळ्यावर एकेक थेंब लावला आणि त्यांच्या देठाला लाल दोरा बांधला. शेजारची अकरा तशीच ठेवली. पाचव्या दिवशी लाल दोऱ्याची फळं फुगायला लागली. ६ जूनपर्यंत त्यातली आठ उतरवली, उरलेली दोन आणखी तीन दिवसांनी. बिनतेलाच्या अकरांना १५ जूनपर्यंत वाट बघावी लागली. चवीत फरक जाणवला नाही. मार्चच्या फळांची गोडी मात्र दोन्हींत नव्हती. तेल फक्त वाढ पूर्ण झालेल्या फळालाच लावायचं, असं भावाने बजावलं होतं. ब्राऊन टर्कीच्या दोन लहान फळांना लावून मी खात्री करून घेतली. ती नुसती मऊ पडली, चव पाण्यासारखी.

जातींमधला फरक मला त्या तीन आठवड्यांत कळला, तेवढा आधीच्या चार वर्षांत कळला नव्हता. माझ्या गच्चीवर पुनाने पाऊस सर्वात चांगला सोसला. माझ्या त्या दोन चुका सोडल्या तर एकही फळ वाया गेलं नाही. डायनाचं फळ मोठं, पिवळसर आणि देखणं, पण पाऊस पडला की फुगून चिरायचं. १२ पैकी पाच चिरली. ब्राऊन टर्कीने मला रडवलं. माझ्या झाडाच्या फळांचा डोळा पिकताना चांगलाच उघडतो, त्यातून पाणी आणि बारीक माश्या आत जातात. फळ बाहेरून तांबूस, सुरेख दिसायचं आणि फोडलं की आंबूस वास. तेलाची ती दोन धरून ११ गेली. ६४ पैकी हाती आली ३५. पुना २१, डायना सात, ब्राऊन टर्की सात.

फळ कधी उतरवायचं हे आता मी रंगावरून ठरवत नाही. पिकलेलं अंजीर मान टाकतं. देठापाशी वाकून लोंबतं, हाताला मऊ लागतं आणि तोडल्यावर चीक जवळजवळ येत नाही. पावसात तर त्याच दिवशी तोडावं, एक रात्रही ठेवू नये.

शेजारच्या मावशी दत्तभक्त आहेत, दर महिन्याला अक्कलकोटला जातात. त्यांना दोन फळं दिली तर त्यांनी आधी विचारलं, "उंबरासारखे किडे नाहीत ना गं आत?" प्रश्न बरोबर आहे, अंजीर उंबराच्याच कुळातलं. दोघांचीही फुलं फळाच्या आत असतात. उंबरात चिलटाएवढी माशी शिरून परागीकरण करते. आपल्याकडच्या या अंजिरांना त्या माशीची गरज नाही, फळ तिच्याविना धरतं आणि पिकतं. मावशींनी तरी एक फोडून उजेडात धरून बघितलं आणि मगच खाल्लं.

जूनमध्ये पानांच्या मागे तांबेरा आला. तपकिरी भुकटी, हात लावला की बोटाला लागते. फळं झाडावर असेपर्यंत काही फवारलं नाही, फक्त डागाळलेली पानं काढून कचऱ्यात टाकली, गळलेलं एक पान ड्रममध्ये राहू दिलं नाही. शेवटचं फळ उतरल्यावर एक टक्का बोर्डो हे बुरशीनाशक फवारलं. घरच्यापुरतं म्हणजे दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एक लिटर पाण्यात एकत्र. धातूचं भांडं चालत नाही. आणि केलं त्याच दिवशी वापरायचं.

विटा अजून ड्रमखाली आहेत, त्या आता काढणार नाही. शेडनेटला कड्या लावल्यात, दोन मिनिटांत निघते आणि चढते. ब्राऊन टर्कीचा ड्रम जिन्याच्या छपराखाली हलवलाय, तिथे ऊन येतं पण पाऊस थेट पडत नाही. यापुढे सहाही झाडांची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच. त्यासाठी त्या आठवड्यात मी शिलाईची नवी ऑर्डर घेत नाही. मावशींनी पुनाच्या दोन काड्या आत्ताच सांगून ठेवल्यात.