डाव्या बाजूची सावली

क्रूझच्या सहलीत टूर मॅनेजरला घाम फोडणारा दिवस म्हणजे सी-डे. त्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही. उतरायचं नाही, बस नाही, गाइड नाही, बोट करून दाखवायला काही नाही. मुंबईहून लक्षद्वीपला जाताना हा दिवस येतोच. संध्याकाळी बॅलार्ड पिअरहून सुटलेल्या जहाजाला अगत्तीपर्यंतचं सुमारे नऊशे किलोमीटर कापायला दुसरा अख्खा दिवस लागतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसतं.

मी लातूरची. माझे ग्रुप लातूर, औसा, निलंगा, उदगीर इकडचे. सोयाबीनचे पैसे हातात आले, तुरीची रास झाली की बुकिंग सुरू होतं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही, त्यामुळे निम्म्या लोकांनी तो गेट वेवरून पाहिलेला असतो तेवढाच. कंपनीचं म्हणणं असं की, अशा माणसांचा दिवस मोकळा ठेवला तर ती ‘वेळ वाया गेला’ म्हणून तक्रार करतात, म्हणून सी-डे भरगच्च ठेवा. सकाळी योगासनं, दहाला अंताक्षरी, मग हाउजी, दुपारी पाककृती स्पर्धा, संध्याकाळी रंगीत टोप्या घालून ग्रुप फोटो. जहाजाचे स्वतःचे कार्यक्रम वेगळेच. त्यांचा छापील कागद आदल्या रात्री केबिनमध्ये येतो. दोन्ही वेळापत्रकं सांभाळायची म्हटलं तर माणसाला समुद्राकडे बघायला जेवणाच्या रांगेतच काय ती सवड मिळेल.

मागच्या हिवाळ्यातला एक सी-डे माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या ग्रुपमध्ये औशाजवळच्या एका गावातल्या मावशी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. मुलाचं कृषी सेवा केंद्र, सून शिक्षिका, दोन नातवंडं. आईला एकदा मोठी सहल घडवायची ही मुलाची फार दिवसांची इच्छा, आणि ती अगदी मनापासूनची होती. त्यांच्यासाठी त्याने बाल्कनीची केबिन घेतली होती, स्वतः चौघं खिडकी नसलेल्या केबिनमध्ये राहिली.

बोर्डिंगच्या आधी माझं एक ठरलेलं काम असतं. लातूर एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलं की सगळ्यांच्या बॅगांतून उदबत्ती, काडेपेटी, कापूर, निरांजन काढून घ्यायचं. जहाजावर केबिनमध्ये उघडी ज्योत चालत नाही, आणि असली वस्तू स्कॅनरवर अडली की मागची रांगही अडते. प्रत्येकाचा फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर किनारा सुटल्यावर फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल घरी येऊन पोचतं. उलटीची गोळी चढायच्या आधी द्यायची. सुरू झाल्यावर देऊन फारसा उपयोग नसतो. मावशींनी निरांजन निमूटपणे दिलं. स्कॅनरवर मात्र त्यांची पिशवी उघडली गेली. आत सरकी काढलेला कापूस आणि एका डबीत चुलीची चाळलेली राख. सुरक्षा रक्षक राखेकडे बघत राहिला. मी समजावलं, ‘वाती वळायला बोटांना लावतात.’ मावशींनी आणि त्यांच्या जावेने लाख वाती करायच्या घेतल्या होत्या. कापूस सुटला, डबीही सुटली.

जहाज सुटायच्या आधी संकटात काय करायचं याची ड्रिल होते. भोंगा वाजतो आणि प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. लोक कंटाळतात, वॉशरूमचं निमित्त काढून बसतात, आणि मला त्यांचा खरोखर राग येतो. इटलीच्या किनाऱ्याजवळ १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. ३२ माणसं गेली. २०१५ पासून सुटण्यापूर्वी किंवा सुटल्याबरोबर ड्रिल घ्यायची हा जगभराचा नियम झाला. आमच्या ग्रुपची जागा लाइफबोटींच्या डेकवर डाव्या अंगाला होती. मावशी तिथे सगळ्यात शांत उभ्या होत्या आणि भिंत, बाक, वर टांगलेली नाव सगळं निरखत होत्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मुलाने त्यांना स्विमिंग पूलजवळ आणून बसवलं. डीजे चालू होता. आमच्याच ग्रुपमधला एक तरुण रील काढत फिरत होता. त्याने मावशींसमोर मोबाइल धरला आणि म्हणाला, ‘म्हणा आजी, आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अन् इथं बघा किती पाणी!’ २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली, ते लातूरकर विसरणं शक्य नाही. मावशींनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘हे खारं हाय. ह्याचं काय कौतुक?’ पोरगा ते रेकॉर्डिंग पुसून पुढे गेला. मला मात्र मावशी त्या क्षणी फार आवडल्या.

तीनच्या सुमाराला मुलगा धावत आला. आई केबिनमध्ये नाही, पूलवर नाही, जेवणाच्या हॉलमध्ये नाही. दोन तास कोणी पाहिलेलं नाही. समुद्रावर ‘माणूस सापडत नाही’ या वाक्याला वेगळंच वजन असतं. आम्ही रिसेप्शनवर गेलो. लोकांना वाटतं की, गळ्यातल्या कार्डावरून माणूस कुठल्या डेकवर आहे ते कळतं. तसं नसतं. ते कार्ड जहाज सोडताना आणि काही विकत घेताना नोंदलं जातं. स्क्रीनवर त्यांचा बोर्डिंगचा फोटो आला, जहाजावरच असल्याची खूण आली, बस. रिसेप्शनवरच्या मुलीने लगेच कॅमेरे बघणाऱ्यांना फोन लावला. घोषणा करू का, असंही विचारलं. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा, मावशींना मराठीशिवाय काही कळत नाही, स्पीकरवरचं नाव ऐकून घाबरतील.

मी विचार केला तो कापसाचा. वाती वळायला वारा चालत नाही. जहाज दक्षिणेला चाललेलं, म्हणजे डावा हात पूर्वेला. दुपारनंतर ऊन उजव्या अंगाला आणि सावली डाव्या अंगाला. येताना हेच उलटं होतं. जहाजाच्या वेगाचा वारा समोरून येतो, म्हणजे पुढचा भाग बाद. लिफ्टची त्यांना भीती, म्हणजे पूलपासून जिन्याने उतरता येईल ती जागा. मी सरळ लाइफबोटींच्या डेकवर गेले.

मावशी तिथेच होत्या, ड्रिलला उभ्या होत्या त्याच भिंतीला टेकून. भिंत थोडी बाहेर आलेली होती, तिच्या मागे वारा पडत होता. मांडीवर कापूस, शेजारी राखेची डबी. चिमटीने कापूस ओढायचा, राखेची बोटं फिरवायची, पीळ द्यायचा, आणि वात ठेवताना मान वर करून पाण्याकडे बघायचं. एकटीही नव्हती. आमच्या ग्रुपमधल्या आणखी तिघी शेजारी बसल्या होत्या. माझ्या अंताक्षरीतून सकाळी उठून गेलेल्या त्या ह्याच. कोणी बोलत नव्हतं. मध्येच एकीने हात पुढे केला. जहाजाच्या कडेने उडणारे मासे निघाले होते, लहान, चकचकीत, पाण्याला न टेकता बरंच अंतर जाणारे. चौघींनी बघितलं, मासे पाण्यात गेले, हात पुन्हा कापसाकडे वळले.

मुलगा मागून आला. आधी आईच्या खांद्याला हात लावून खात्री केली, आणि मग भीती गेली तसा राग आला. तो माझ्यावरच निघाला. ‘मॅडम, आमच्या घरी ओटा नव्हता का बसायला? एवढे पैसे भरून आईनं इथं वाती वळायच्या? तुमचं लक्ष कुठं असतं?’ सगळ्यांसमोर. मी उत्तर देणार तोच मावशी म्हणाल्या, मान वर न करता, ‘बापू, वट्यावर बसलं की कुणीतरी उठवतंच. कुणाला च्या लागतो, कुणाचं दूध, म्हशीला पेंड. हितं सकाळपासून मला कुणी हाक मारली न्हाई.’

तो गप्प झाला, पण त्याला पटलं नव्हतं. मला त्याच्यावर राग धरता येत नाही. त्याने कर्ज काढल्यासारखी तयारी करून आईला आणलं होतं आणि आई काहीतरी बघते आहे, हसते आहे, हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. भिंतीला टेकून बसलेली आई त्याला आनंदात दिसेना.

चारची पाककृती स्पर्धा मी रद्द केली. जहाजाच्या करमणूक विभागातला एक गोव्याचा मुलगा माझ्या मदतीला दिला होता, त्याला वाटलं माझी तब्येत बिघडली. कारण सांगितल्यावर त्याने आणखी एक गोष्ट केली, जी माझ्या कंपनीतल्या कोणाला सुचली नसती: स्पर्धेसाठी राखलेल्या खुर्च्या त्याने दोघांना सांगून त्या भिंतीमागे नेऊन ठेवल्या. सूर्यास्ताला उजव्या अंगाला या, एवढंच मी ग्रुपला सांगितलं. बरेचसे आले. टोप्यांचा फोटो झाला नाही.

कंपनीने त्या फोटोबद्दल विचारलं, स्पर्धेबद्दल विचारलं. मुलाच्या फीडबॅक फॉर्मवर ‘ज्येष्ठांसाठी कार्यक्रम नव्हते, लक्ष दिलं नाही’ असं होतं. तो फॉर्म मला मीटिंगमध्ये वाचून दाखवण्यात आला. मी विचारलं, मावशींचा फॉर्म कुठे आहे? नव्हता. फॉर्म पैसे भरणाऱ्याच्या नावाने निघतो, कुटुंबाला एक. आमच्याकडे ज्येष्ठांच्या सहलीचे पैसे बहुतेक वेळा मुलं भरतात, म्हणजे जे सहल करतात त्यांचं मत कंपनीपर्यंत येतच नाही, आणि त्या न आलेल्या मतावर सी-डेचं वेळापत्रक ठरतं. हे मी तिथे बोलले. ‘पुढे बघू’ म्हणाले.

पुढचा ग्रुप जवळ आला आहे. लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानातून मी माणशी एक फॉर्म मराठीत, मोठ्या अक्षरात झेरॉक्स करून आणला आहे. त्यात एक प्रश्न वाढवला आहे: शांत बसायला जागा मिळाली का, आणि कुठे? जहाज बदललं की वाऱ्याच्या आडोशाची जागाही बदलते, त्यामुळे ‘कुठे’च्या पुढे दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.