तुम्ही विचारलंत म्हणून: सिंह कुठे आहेत?

“आफ्रिकेला जाऊन नुसते पक्षी? सिंह दिसला नाही का?”

केनियातल्या मसाई माराहून येऊन दीड वर्ष होत आलं. लग्नात, लिफ्टमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना, सगळीकडे हाच प्रश्न. दिसले. तीन दिवसांत अकरा दिसले. नऊ झोपलेले होते, एक जांभई देत होता आणि एकीने गाडीच्या सावलीत येऊन अंग टाकलं. सगळ्यांचे फोटो बहिणीच्या मोबाइलमध्ये आहेत, तिच्याकडे मागा.

ह्यानंतरचं वाक्यही मला पाठ आहे. “पक्षी तर भिगवणलासुद्धा असतात.” असतात ना. दर हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर मीही जाते, रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला. पण मी सोलापूरची आहे, आणि जो पक्षी बघायचा राहून गेला तो पाण्यावरचा नाही, माळावरचा आहे, माळढोक. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं. आमच्या घरापासून तासाभराच्या आत. शाळेच्या सहलीपासून आजवर किती वेळा गेले असेन, मोजलेलं नाही. काळवीट पोटभर बघितले, लांडगा दोनदा. माळढोक एकदाच, २००९ साली, दुर्बिणीत, उन्हाने थरथरणारा एक तपकिरी ठिपका. वनरक्षक म्हणाला, “तोच.” मी वहीत तारीख लिहिली. तो दगडही असू शकतो, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आता देशभरात मिळून दीडशेसुद्धा उरले नाहीत, आणि आहेत ते बहुतेक राजस्थानात.

मारात ह्याचा सख्खा चुलतभाऊ राहतो, कोरी बस्टर्ड. जगातल्या उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सगळ्यांत वजनदारांपैकी एक. नर अठरा किलोपर्यंत भरतो. चाल तीच, मान तशीच ताठ. मी कर्ज काढून गेले ते त्याच्यासाठी. हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे.

गाडीत आम्ही सहाजण. मी, बहीण, पुण्याचं एक जोडपं, आणि कोल्हापूरचे काका-काकू. काका शहात्तरचे, गुडघ्याला पट्टा.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास वाटेपासून साठेक मीटरवर नर दिसला, आणि तो ऐन रंगात होता. मान फुगून पांढरा गोळा झालेली, तुरा उभा, शेपूट उलटं वर वळून पाठीवर आलेलं, पंख खाली सोडलेले. मधूनच खोल आवाज, कानांपेक्षा छातीलाच जाणवणारा. ड्रायव्हरने न सांगता इंजिन बंद केलं. नैरोबीत तांदूळ घेऊन भरलेली पिशवी मी गाडीच्या टपावर ठेवली, तिच्यावर सहाशे मिलीमीटरची लांब लेन्स टेकवली आणि म्हटलं, “प्लीज, कोणी हलू नका.” कोणी नुसती मांडी बदलली तरी एवढ्या लेन्समध्ये पक्षी चौकटीतून जातो.

पाच मिनिटांत रेडिओ खरखरला. तिथले ड्रायव्हर आपसात स्वाहिलीत बोलतात, म्हणजे प्रवाशांची आशा उगाच वाढत नाही. पण तिसऱ्या दिवसापर्यंत आम्हाला ‘सिंबा’ आणि ‘दुमा’ कळायला लागले होते. दुमा म्हणजे चित्ता. मादी, दोन मोठी पिल्लं, गॅझेल हरणावर दबा धरलेला, पंधरा मिनिटांवर. पुण्याची ताई उठून उभी राहिली आणि चौकट हलली. मी डोळा न काढता म्हटलं, “दहा मिनिटं. फक्त दहा.”

ड्रायव्हरने मागे वळून काकांकडे बघितलं. वयाने तेच मोठे. काका म्हणाले, “घ्या, घ्या. तुम्ही निवांत घ्या.”

दहाची पंचवीस झाली. घड्याळ मी बघितलं होतं. कळलं नाही असं आजवर सांगत आले, ते खोटं आहे.

पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. शिकार तरसांनी हिसकावली होती आणि चित्ते उताराच्या पलीकडे गेले होते. शेजारच्या गाडीतला एक गोरा पोरगा सगळ्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर धावतानाचे फोटो दाखवत होता. काकांनी खिडकीतून वाकून, चष्मा कपाळावर सारून, त्या तीन इंचाच्या पडद्यात चित्ता बघितला. “छान आहे,” म्हणाले.

आणि मी काय केलं? गिधाडं उतरायला लागली होती, मी त्यांचे फोटो काढले. आपल्याकडची गुरांना देतात त्या डायक्लोफिनॅक औषधाने गेली, इथे एवढी एकत्र बघायला मिळाली, वगैरे. कारण खरं आहे. पण त्या क्षणी मला काकांकडे बघायचं नव्हतं, हेही तेवढंच खरं.

रात्री जेवणाच्या टेबलावर मी माफी मागितली. अर्धवटच. “काका, उद्या दिसेल चित्ता,” असली माफी. बहिणीने भर घातली, “नाहीतर कुनोला आहेतच आता.” काका म्हणाले, “ते नामिबियाहून आणलेले. मग इथेच बघितलेला काय वाईट?” मग सांगायला लागले. संस्थानाच्या काळात कोल्हापुरात शिकारीसाठी चित्ते पाळत, तेसुद्धा आफ्रिकेतून आणवलेले. नोकरीसाठी ते कोल्हापुरात आले तेव्हा चित्तेपारध्यांच्या गोष्टी ऐकवणारे म्हातारे अजून होते. आपला चित्ता तर १९५२ मध्येच संपल्याचं जाहीर झालं. “म्हटलं, मरायच्या आधी एकदा धावताना बघावा.”

मी मोबाइलवर कोरीचा फोटो काढून पुढे केला. दुसरं काय करणार? “आपला माळढोक असाच असतो, काका.”

त्यांनी लांब धरून बघितला. “माहिताय की. मूळचा करमाळ्याकडचा मी. लहानपणी खाल्लाय. वडील मारून आणायचे. मटण चरबट असतं जरा.”

काकू म्हणाल्या, “अहो, जेवताना काय!” आणि विषय पापडावर गेला.

तेव्हापासून मी ह्या माणसाशी मनातल्या मनात भांडते आहे. तुम्ही खाल्लात म्हणून मला दिसला नाही, असं एकदा म्हणते. लगेच लाज वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी कोण मारत नव्हतं? आणि नंतर तर आम्हीच माळ नांगरले, विहिरी खोदल्या, ऊस लावला. माझ्या मामाचाही आहे. पुन्हा वाटतं, म्हणूनच त्या दिवशी माझा हक्क मोठा होता, त्यांनी निदान बघितला तरी होता. पण चित्ता त्यांनी नव्हता बघितला. आम्ही दोघंही आपल्याच माळावरून गेलेलं काहीतरी बघायला इतक्या लांब गेलो होतो. एकाच गाडीत, एकाच सकाळी. आणि लेन्स माझ्याकडे होती.

चौथ्या दिवशी चित्ता दिसला नाही. आम्ही परत आलो.

फोटो कसा आहे? दोनशे बारा काढले. ऊन चढल्यावर जमिनीवरून वाफ उठते, तिच्यात पिसांची धार विरघळते, आणि सहाशेची लेन्स वाफही तेवढीच मोठी करते. धड आहेत तीन. पहिल्या पाच मिनिटांतले, रेडिओ वाजायच्या आधीचे. पुढच्या पंचवीस मिनिटांचा एकही नाही.

मध्यंतरी काकूंनी निरोप पाठवला, ह्यांना त्या पक्ष्याचा फोटो हवाय. मी तिकडच्या जांभळ्या छातीच्या नीळकंठाचा पाठवला. सुंदर पक्षी, सगळ्यांना आवडतो. काकूंनी हात जोडलेले पाठवले. काकांनी काही नाही.

परत जाणार का, असंही विचारता. जायचंय, पैसे जमले की. आणि पुन्हा असा नर समोर नाचत असला तर मी थांबेन, तुम्हाला काय वाटायचं ते वाटो. पुढच्या वेळी एकटीसाठी गाडी घ्यावी असं बहीण म्हणते. भाडं विचारलं. परवडणारं नाही. म्हणजे मागच्या सीटवर पुन्हा कोणीतरी काका असणारच.