कंटेनर ब्रिज: अडकलेलं गिट क्लोन सुटलं

डॉकरच्या कंटेनरमधलं गिट क्लोन (कोड उतरवून घेणं) का लटकतं, ते अखेर सापडलं. डीएनएस ठीक, पिंग ठीक, होस्टवरून कर्लही झटकन उत्तर आणतं. कंटेनरमधून मात्र टीएलएस हँडशेक (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची बोलणी) सर्टिफिकेट येण्याच्या टप्प्यावर गप्प बसतो. लहान पॅकेट पोचतात, मोठी गायब होतात, म्हणजे घोळ एमटीयूचा, पॅकेटच्या कमाल आकाराचा.

तपासायला स्लिम इमेजमध्ये पॅकेजं भरत बसू नका. कंटेनरचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) काढून एनएसएंटर चालवलं की होस्टचीच हत्यारं त्याच्या नेटवर्कमध्ये वापरता येतात. याहून सोयीचं काही नाही. पॅकेट दाखवणाऱ्या टीसीपीडम्पमध्ये लगेच दिसलं: होस्टच्या सिनमध्ये (जोडणी उघडणाऱ्या पॅकेटमध्ये) एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधला कमाल डेटा, १३८०, कंटेनरच्या सिनमध्ये १४६०. वायरगार्ड या व्हीपीएन बोगद्याचा एमटीयू १४२०, कंटेनरांना जोडणाऱ्या डॉकरच्या ब्रिजचा १५००. कंटेनर १४६० मागतो, सर्व्हर तेवढं पाठवतो, बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी पॅकेट मावत नाही, आणि 'तुकडे करा' सांगणारा आयसीएमपी संदेश वाटेतला फायरवॉल गिळतो. सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

आता खरी डोकेदुखी. डेमन डॉट जेसन या डॉकरच्या सेटिंग फाइलमधला 'एमटीयू' फक्त डॉकर० या मूळ ब्रिजला लागू होतो. कंपोझने (अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या साधनाने) बनवलेले ब्रिज १५०० वरच राहतात, डॉकरचा डेमन कितीही रीस्टार्ट करा. प्रत्येक कंपोझ फाइलमध्ये ड्रायव्हर ऑप्ट्स लिहिणं हा एक मार्ग. त्यापेक्षा डेमन डॉट जेसनमधलं 'डिफॉल्ट-नेटवर्क-ऑप्ट्स' बरं: एकदाच लिहायचं, नव्या सगळ्या नेटवर्कना लागतं. तिथे आकडा अवतरणात हवा, नुसता अंक चालत नाही. रीस्टार्टआधी डॉकरडी व्हॅलिडेटने फाइल तपासून घ्या.

जुनी नेटवर्क आपोआप बदलत नाहीत. कंपोझ डाउन, मग अप. रीस्टार्टने भागत नाही. डाउनला -व्ही लावलं नाही तर नेम्ड व्हॉल्यूम (कंटेनरचा साठवलेला डेटा) शाबूत राहतात. त्यानंतर कंटेनरच्या ईथ० इंटरफेसचा एमटीयू १४२०, सिनमध्ये १३८०, आणि क्लोन एका दमात पूर्ण! आयपीटेबल्समधलं एमएसएस क्लॅम्पिंगही (वाटेतच एमएसएस कमी करणं) चाललं असतं, पण ते फक्त टीसीपीपुरतं, आणि ब्रिजचा आकडा चुकीचाच राहतो.

नेटवर्क पाडायचीच असतील तर डॉकर ज्यातून नेटवर्कना पत्ते देतो ते अ‍ॅड्रेस पूलही बदलून घ्यावेत: १०.२०१.०.०/१६, साइझ २४. मग व्हीपीएनच्या १७२ च्या रेंजशी टक्कर नाही.

हे लिहिताना आणखी एक लक्षात आलं. फायबरवर पीपीपीओई (इंटरनेट जोडणीची एक पद्धत) आहे, म्हणजे एमटीयू १४९२. वायरगार्डचा बोजा आयपीव्ही४ वर ६० बाइट, तोवर १४२० बसतो. एंडपॉइंट आयपीव्ही६ वर गेला की बोजा ८०, एकूण १५००, म्हणजे १४९२ च्या वर, आणि पुन्हा तेच. म्हणून डब्ल्यूजी० (वायरगार्डचा इंटरफेस) आणि ब्रिज दोन्हीकडे थेट १४१२ टाकतो आहे.