हप्ता तोच, कर्ज मात्र ५५ वर्षांचं

एप्रिल २०२३. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या शाखेत एक शिक्षक आयकरासाठी गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला घ्यायला आले. दाखला काढताना पुढच्या फेडीचा तक्ता स्क्रीनवर आला आणि मी थबकलो.

कर्ज जानेवारी २०२२ चं: ३० लाख, २० वर्षं. तेव्हा रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो) ४ टक्के, वर बँकेचे २.७०, म्हणजे ६.७० टक्के आणि हप्ता २२,७२२ रुपये. मे २०२२ पासून महागाई आवरायला रिझर्व्ह बँकेने रेपो चढवला, फेब्रुवारी २०२३ ला तो ६.५० झाला. आमच्याकडे कर्जाचा व्याजदर तिमाहीला एकदा बदलतो. १ एप्रिलला सरांचा दर ९.२० वर गेला. बाकी २९ लाख ४५ हजार, महिन्याचं व्याज २२,५७८. मुद्दलात जमा व्हायचे फक्त १४४ रुपये!

“पण साहेब, हप्ता तर वाढलाच नाही.”

तिथंच मेख होती. तेव्हा दर वाढला की संगणक हप्त्याला हात लावायचा नाही, मुदत ताणायचा. त्या चालीनं खातं मिटायला आणखी ५५ वर्षं लागली असती. सरांचं वय ४१. ठरल्या मुदतीत, म्हणजे उरलेल्या २२५ हप्त्यांत संपवायचं तर हप्ता साधारण २७,५०० हवा. नाहीतर एकरकमी साधारण ५ लाख १३ हजार भरून जुनाच हप्ता चालू ठेवायचा. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. सरांनी हप्ता वाढवून घेतला.

दर वाढवायचा तो लोकांनी खर्च आवरावा म्हणून. सरांच्या किराण्याला, पेट्रोलला वर्षभर त्याची झळही लागली नव्हती. सगळी वाढ मुदतीत मुरली. मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्याचं तसं नसतं. त्याच्या कॅश क्रेडिटला (मंजूर मर्यादेत लागेल तसं उचलायच्या कर्जाला) व्याज महिनाअखेरीस नावे पडतं. ५० लाखांची उचल असली तर अडीच टक्क्यांच्या वाढीनं महिन्याला १०,४०० रुपये जादा. मग तो माल धरून ठेवत नाही, सौद्यात हात आखडता घेतो, आणि शेतकऱ्याच्या पोत्याला एक गिऱ्हाईक कमी होतं. पतधोरण, म्हणजे रिझर्व्ह बँकेची ही दरवाढ, पगारदाराच्या आधी यार्डात पोचतं ते असं.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं: दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. २०२५ मध्ये रेपो ५.२५ पर्यंत उतरला, तेव्हा बऱ्याच खात्यांत हेच उलटं झालं: हप्ता तोच, मुदत आखूड. हप्ता कमी करून हवा असेल, तर शाखेत लेखी अर्ज द्या.