खिळा कुठे मारायचा?

घरात फोटो लावायचा ठरला की खिळा ठोकणं हे त्यातलं सगळ्यांत सोपं काम. कुठे ठोकायचा हे ठरवण्यात मात्र अख्खा रविवार जातो. एक जण स्टुलावर चढून फ्रेम भिंतीला टेकवून धरतो आणि बाकीचे सोफ्यावर बसून हुकूम सोडतात. ‘जरा डावीकडे. अहो, तुमचं डावं नाही, आमचं!’ मग थोडं वर, अजून थोडं वर, आणि शेवटी ‘नको, मघाशी होतं तिथेच बरं होतं.’ मघाशी म्हणजे कुठे, हे तोवर कोणालाच आठवत नसतं आणि स्टुलावरच्या माणसाचे हात भरून आलेले असतात.

वाद वरवर इंचांचा दिसतो, पण आत मानापानाचा असतो. चित्रांच्या दालनांत हिशेब सरळ आहे: उभ्या माणसाच्या नजरेला चित्राचा मध्य यावा, म्हणजे जमिनीपासून साधारण पाच फुटांच्या आत-बाहेर. आपल्याकडे हा हिशेब कोणी मानला नाही. जुन्या घरांत तसबिरी छताखाली हातभर अंतरावर असत, आणि त्याला कारण होतं. माणसं जमिनीवर बसत. सतरंजीवर बसलेल्याला वरचं नीट दिसावं म्हणून तसबीर पुढे झुकवलेली असे: खालची कड दोन खिळ्यांवर टेकवलेली, वरून लांब दोरी. झुकाव असल्यामुळे समोरच्या खिडकीचा उजेड काचेवर चमकून डोळ्यांत येत नसे. आणि मागे जी त्रिकोणी पोकळी राही ती चिमण्यांना आयती मिळे. काडीकचरा खाली पडला की घरातलं कोणी तरी आजोबांच्या तसबिरीकडे बघून वैतागे, पण घरटं कोणी काढत नसे. पुढे खुर्च्या आल्या, सोफे आले, आपण सगळे दीड फूट वर उचलले गेलो. तसबिरी मात्र होत्या तिथेच राहिल्या, कारण पूर्वजांना खाली आणायचं कोणी?

मानाची उतरंड कुठे लिहिलेली नसते, तरी घरात सगळ्यांना पाठ असते. सगळ्यांत वर देव. त्याखाली गेलेली माणसं, तीही शक्यतो दक्षिणेच्या भिंतीवर. त्यानंतर लग्नाचे फोटो, मग गाऊन आणि टोपी घातलेला पदवीचा फोटो, आणि सगळ्यांत खाली, धूळ पुसताना हात सहज पोहोचेल तिथे, मुलांची बक्षिसं. जिवंत माणसाचा फोटो गेलेल्यांच्या रांगेत लावायचा नाही, हा नियम तर असा पक्का की देव न मानणारेसुद्धा तो मोडत नाहीत. नव्या फ्लॅटमध्ये आल्यावर सासूबाईंनी माझ्या फोनमधलं होकायंत्र काढायला लावून दक्षिण शोधली. दक्षिणेला निघाला स्वयंपाकघराचा ओटा आणि त्यावरची चिमणी. पणजोबांना तेलकट वाफेत ठेवायचं का, यावर दोन दिवस घरात बोलणी चालली. शेवटी ‘दक्षिण-पश्चिमसुद्धा चालते’ असं कोणी तरी फोनवरून सांगितलं आणि बैठकीतला एक कोपरा पावन झाला.

तसं पाहिलं तर भिंतीवरची ही गर्दी फार जुनी नाही. पुण्यात 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी चित्रशाळा नावाचा छापखाना काढला. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंगीत छापील चित्रं स्वस्त झाली तसे देव देवघराच्या चौकटीतून बाहेर पडून बैठकीच्या भिंतीवर आले. त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना घरच्या बायका जरी, टिकल्या, मणी लावून नटवत. चित्रातल्या साडीला खरी जर लावायची, चित्रातल्या गळ्यात खरे मणी ओवायचे, आणि मग ते काचेमागे बंद करायचं. चित्रकाराचं काम जिथे संपलं तिथून आपलं सुरू करायला त्यांना कोणाची परवानगी लागली नाही. हे मला फार आवडतं.

मग दिनदर्शिका आल्या. रघुवीर मुळगावकरांच्या गुलाबी गालांच्या, ओल्या डोळ्यांच्या देवांना वर्ष संपलं म्हणून रद्दीत घालायचं जिवावर यायचं. मग तारखांचा भाग कापून चित्राला चौकट केली जायची. कापताना कात्री कधी जरा खालून फिरायची, आणि श्रीकृष्णाच्या पायाशी एखाद्या खताच्या किंवा इंजिन ऑइलच्या कंपनीचं नाव कायमचं राहून जायचं. त्याखालीच दिवा लागायचा, आरती व्हायची. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही आणि मलाही वाटत नाही. देव घरी आणून दिला त्याचं नाव राहिलं तर राहिलं.

मुद्दा पुढे आहे. लावताना कितीही घोळ घाला, एकदा लावलेलं चित्र उतरवणं त्याच्या दसपट अवघड. फ्रेमची काच तडकली, आतल्या कागदाला कसर लागली, देवाचा चेहरा ओल येऊन अर्धा पुसला गेला, तरी ती कचऱ्याच्या डब्यात टाकायचा धीर होत नाही. मग ती माळ्यावर जाते, आणि घर बदलताना तिथून निघून रस्त्याकडेच्या वडा-पिंपळाच्या पारावर. कुठल्याही गावात किंवा शहरात जुन्या झाडाखाली बघा, बुंध्याला टेकवून ठेवलेले शंकर-पार्वती, साईबाबा, दत्तगुरू ऊनपाऊस खात उभे दिसतील. ठेवणारा हात जोडून मागे न बघता निघून गेलेला असतो. झाडाचं त्यावर काय म्हणणं आहे, ते विचारायची पद्धत नाही.

कधी कधी तर सगळ्या समाजालाच चित्र बदलावं लागतं. इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्र्यांनी 1933 साली पुराव्यांनिशी खरं चित्र पुढे आणलं. इतिहास दुरुस्त झाला, पुस्तकं दुरुस्त झाली. पण मला प्रश्न पडतो तो ज्यांनी आधीचं चित्र चौकट करून भिंतीवर लावलं असेल त्यांचा. रोज ज्याला नमस्कार केला तो कागद त्यांनी कसा उतरवला असेल? आणि उतरवून ठेवला कुठे? फेकायलाही नको, ठेवायलाही नको.

पूर्वजांचं तर त्याहून अवघड. आमच्याकडच्या एका तसबिरीतल्या बाईंचं नातं सांगणारी शेवटची व्यक्ती गेली, त्यालाही बराच काळ लोटला. त्या कोणाच्या तरी आत्या किंवा मावशी असाव्यात. नऊवारी, नाकात नथ, शेजारी उंच तिवईवर फुलदाणी. फोटो बहुतेक एखाद्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, कारण खांद्यावर दुसऱ्या कोणाची तरी चार बोटं आहेत. त्या काळचे स्टुडिओवाले असल्या करामतीत पटाईत होते. एकमेकांशेजारी कधी फोटो न काढलेल्या नवरा-बायकोला एका कागदावर आणायचे, उघड्या डोक्यावर पगडी काढायचे, गाल हाताने रंगवायचे. या बाईंना मात्र ती चार बोटं मिटवून द्यायला कोणी सांगितलं नसावं. त्यांना उतरवायचं का, असं मी एकदा विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “कोण आहेत ते माहीत नाही, म्हणून काय घराबाहेर काढायचं?” याला उत्तर नाही. त्या आता आमच्या तिसऱ्या पत्त्यावर आल्या आहेत.

तो फोटो चौकटीतून काढताही येत नाही. पूर्वी फोटो थेट काचेला टेकवून बसवत. पावसाळ्यात दमट हवेने फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो आणि काचेला धरून बसतो. ओढलं की चेहराच काचेवर राहतो. म्हणून फ्रेमवाला ‘माउंट टाकू का?’ असं विचारतो तेव्हा पैसे वाचवू नयेत. ती पांढरी पट्टी शोभेची वाटते, पण तिच्यामुळे फोटो आणि काच यांच्यात सुटं अंतर राहतं. चिकटलेल्या फोटोला हात न लावता काचेवरूनच नीट प्रकाशात दुसरा फोटो काढून ठेवावा, एवढंच शहाणपण उरतं.

वजनाचंही थोडं भान लागतं. काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. दोन बाय तीन फुटांच्या फ्रेमला तीन मिलिमीटरची काच घातली तर नुसती काचच चार किलोंच्या वर जाते. मागची दोरी जितकी ताणून सपाट बांधाल तितका तिच्यावर भार वाढतो. तिचा आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन झाला की दोन्ही बाजूंच्या दोरीवर प्रत्येकी संपूर्ण फ्रेमइतका ताण येतो. म्हणून जुनी माणसं दोरीला भरपूर झोळ द्यायची. आणि एका खिळ्यावरची फ्रेम दार आपटून, रस्त्यावरून ट्रक जाऊन हळूहळू कलते. दोन खिळे अंतर ठेवून मारले की ती रोज सरळ करण्याचा उद्योग संपतो. आमच्याकडे एक नातेवाईक येतात, त्यांना घरात पाऊल टाकल्याबरोबर कलता फोटो दिसतो आणि तो सरळ केल्याशिवाय ते चहाला हात लावत नाहीत. दोन खिळ्यांनी त्यांचा विरस होतो.

भिंतीसुद्धा आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत. वाड्याच्या मातीच्या भिंतीत खिळा लोण्यात जावा तसा जाई आणि तसाच बाहेर येई, म्हणून सुतार लाकडाची गुट्टी बसवून देई. विटांच्या भिंतीत ड्रिलने भोक, प्लास्टिकची गुट्टी आणि स्क्रू एवढ्यात भागायचं. सायपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांत भोक झटक्यात पडतं, पण स्क्रू फिरवला की भुगा होतो. आणि मिवान पद्धतीने बांधलेल्या इमारतींत तर भिंत म्हणजे सगळी सळ्या घातलेली काँक्रीटच. साधा खिळा मारलात तर तो वाकतो आणि हातोडी झिणझिण्या आणते. इलेक्ट्रिशियनचा पोऱ्या मोठं ड्रिल घेऊन येतो, बोटाने भिंत वाजवतो, स्विचबोर्डाच्या बरोबर वरची उभी रेघ सोडा, वायर तिथूनच जाते, असं बजावतो, आणि दर भोकामागे पैसे सांगतो. भोकागणिक पैसे म्हटल्यावर घरातले पूर्वज पुन्हा एकदा मोजले जातात.

भाड्याच्या घरात तर करारातच असतं, भिंतीला खिळे मारायचे नाहीत. माझा भाचा हिंजवडीत राहतो. त्याने सगळे फोटो चिकटपट्टीच्या हुकांवर लावले होते. जुलैत एकेक करून सगळे उतरले, स्वतःहून. उतरवण्याची पंचाईत नाही, ही त्यातली सोय. भाच्याच्या फोटोंत त्याचे मित्र आहेत, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे, एक कुत्रा आहे. मानाची उतरंड नाही. कुत्रा सगळ्यांत वर होता.

आमच्याकडचे काका मात्र असल्या बाबतीत कोणावर विसंबत नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर ते कोट घालून स्टुडिओत गेले, फोटो काढला, माउंटसकट फ्रेम करून घेतला आणि कपाटात ठेवून दिला. नंतर तुम्ही आधार कार्डावरचाच मोठा करून लावाल, म्हणाले. मागच्या दिवाळीला ते नव्या घरी आले, बैठकीतल्या दक्षिण-पश्चिम कोपऱ्यासमोर उभे राहिले, त्या बाईंच्या शेजारची रिकामी जागा वितीने मोजली आणि नवऱ्याला म्हणाले, “मिवानची भिंत आहे ना ही? ड्रिलवाला बोलावशील तेव्हा एक भोक जास्तीचं पाडून घे. पुन्हा एकासाठी तो यायचा नाही.”